सतरावं नाव

वेल्डा, नेब्रास्का
९ जुलै १९९६

प्रिय अर्लिस,

परवा रविवारी इतका उकाडा होता की चर्चमध्ये पाद्रीबाबांनी प्रवचन नऊ मिनिटांत आटोपलं. आमचा नवरोबा गॉर्डन मोठ्यानं म्हणाला, "या माणसाला फुटबॉलचा कोच करा, निदान हरणं तरी लवकर उरकेल!" अख्खी रांग हसली. मग आपल्या पुढ्यातच डीनची जोलीन बसलीय हे त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं खोकल्याचं सोंग केलं. जोलीनही हसली म्हणा. गुणाची आहे तुझी सून.

यंदाच्या हंगामाचा अंदाज विचारलायस, तो घे. आपल्या गटातल्या कोच मंडळींनी मिळून बारा कॉलेजांची क्रमवारी लावलीय, तीत वेल्डा कॉलेज बारावं. पहिला नंबर हवा असेल तर पेपर उलटा धर. गॉर्डनच्या बियाण्यांच्या दुकानात सकाळी कॉफीला जमणाऱ्या टोळक्यानंही आपापले आकडे सांगितलेत. लेस्टर म्हणतो, अकरापैकी शून्य जिंकणार. गॉर्डन म्हणतो दोन. मी चार सांगितले, तर लेस्टर म्हणाला, "नोरीन, तू मावशी म्हणून बोलतेस की शुद्धीवर आहेस?" मी म्हटलं, "दोन्ही एकदम जमत नाही."

लोक रागावलेत असं नाही गं. डीन कोच झाल्यावर पहिल्या वर्षी पाच जिंकलो, मग तीन, मग दोन. उतार तर दिसतोच ना. त्यात लोकांच्या डोळ्यांसमोर अजून एकोणऐंशी सालचा डीन आहे, चेंडू काखेत मारून चिखलातून पळणारा. त्यांना वाटलं, कोच झाला म्हणजे तोच पुन्हा पळेल.

डीन बरा आहे. जरासा वाळलाय. मी जर्दाळू भरलेले गोड पाव, आपले कोलाचे, पाठवते त्याच्याकडे, काळजी करू नकोस.

तुझी,
नोरीन

---

डुलूथ, मिनेसोटा
१७ जुलै १९९६

प्रिय नोरीन,

तुझं पत्र वाचून हसले आणि मग दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं नाही.

डीन दर रविवारी फोन करतो. आधी अर्धा तास बोलायचा, मुलं कशी खेळतायत, कोणाचा गुडघा दुखतोय, सगळं सांगायचा. आता चार मिनिटं बोलतो. "सगळं ठीक आहे आई. इकडे गरम आहे. टेस पोहायला जाते." लेकीचं तेवढं सांगतो, बस. मी विचारलं, ओमाहाहून आणलेला तो टेरेल, त्याचा खांदा बरा झाला का? तर म्हणाला, "होतोय." वर्षभर त्या पोराला बाकावर बसवून ठेवलं म्हणून लोकांनी डीनला किती शिव्या घातल्या, ते तूच लिहिलं होतंस. खांदा कायमचा जाऊ नये म्हणून बसवलं, हे तो कुणाला सांगत बसला नाही. बापासारखाच आहे.

गेल्या आठवड्यात जोलीननं वेगळा फोन केला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर म्हणाली, "आई, डुलूथमध्ये शाळा कशा आहेत हो?" मी कारण विचारलं तर म्हणाली, "सहज."

सहज कोणी दुसऱ्या राज्यातल्या शाळा विचारत नाही.

मी इथे इतक्या लांब बसलेय. तू तिथे आहेस, रोज त्या दुकानात जातेस. लोक नक्की काय बोलतात ते मला खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस.

अर्लिस

---

वेल्डा
२६ जुलै १९९६

प्रिय अर्लिस,

तू उगीच राईचा पर्वत करतेस. लहानपणीही आईला ताप आला की तू थेट पाद्र्यालाच बोलवायला निघायचीस.

खरं सांग म्हणतेस, तर एक गोष्ट सांगते, कारण ती तुला दुसरीकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी. मागच्या शुक्रवारी सकाळी डीनच्या अंगणात कोणीतरी 'घर विकणे आहे' अशी पाटी रोवून ठेवली होती. कॉलेजची टारगट पोरं, दुसरं कोण! डीननं ती उपटली, गॅरेजमध्ये ठेवली आणि म्हणाला, "लाकूड चांगलं आहे, टेसला पक्ष्यांसाठी खोपा करून देतो." बघ, हसून घालवलं त्यानं. दुसऱ्या दिवशी खरोखर एक बाई घर बघायला आल्या, तेव्हा मात्र जोलीन रडली म्हणे. पण नंतर तिलाही हसू आलं.

शाळेचं विचारलं असेल ते मनात काही नसताना. तरुण आहेत, माणसाच्या मनात शंभर गोष्टी येतात.

दुकानात नेहमीचंच चालतं. लेस्टर बडबडतो, गॉर्डन मान हलवतो. गॉर्डनचं डीनवर प्रेम आहे, तुला माहीत आहे. पण तीस वर्षं एकाच जागेवर बसून ज्यानं एवढे सामने पाहिले, त्याला एकदा तरी हंगाम जिंकलेला डोळे भरून बघायचाय गं. तो आता अडुसष्टचा आहे. परवा म्हणाला, "नोरीन, माझ्याकडे असे किती हंगाम उरलेत?"

पुढच्या आठवड्यात मैदानावर चाहत्यांचं जेवण आहे. मी बटाट्याचं सॅलड नेणार आहे. डीन दोन शब्द बोलेल, टाळ्या होतील. सगळं ठीक होईल. तू तुझ्या त्या गार तळ्याकाठी निवांत बैस.

नोरीन

---

डुलूथ
११ ऑगस्ट १९९६

नोरीन,

शुक्रवारी दुपारी दार वाजलं. उघडलं तर डीन. नऊ तास गाडी चालवून आला होता, न कळवता. मी म्हटलं, "अरे, सराव सुरू व्हायला आठवडासुद्धा नाही आणि तू इथे?" तर म्हणाला, "आई, जेवायला काही आहे?"

जेवला नाही. ताटातलं इकडचं तिकडे केलं आणि मग खिशातून घडी केलेले कागद काढून माझ्यासमोर ठेवले.

तुला माहीत आहेत ते कागद. हंगाम सुरू व्हायच्या आत कोच बदलावा, अशी कॉलेजच्या अध्यक्षांना विनंती. चारशे बारा सह्या. तुमच्या दुकानाच्या गल्ल्याशेजारी ठेवले होते, बियाण्यांच्या पावतीबरोबर सही करून जायला सोयीचं. अध्यक्षांनी डीनला बोलावून प्रत दिली. म्हणाले, "मी यावर काही करणार नाही, पण तुला माहीत असावं."

मी चष्मा लावला. पहिलं नाव लेस्टरचं. चौथं गॉर्डनचं. ते बघून मी म्हणणार होते, जाऊ दे रे, गॉर्डन बोलूनचालून परका. तेवढ्यात डीननं बोट ठेवलं. सतरावी ओळ.

ते अक्षर मी कुठेही ओळखेन. वेल्डातली अर्धी माणसं ओळखतील. त्यांना पहिलीत तूच गिरवायला शिकवलंस. डीनलाही.

तो म्हणाला, "चारशे अकरांचं काही नाही, आई. ते आपल्या धंद्यातच असतं." मग उठून मागच्या अंगणात गेला. खिडकीतून मला त्याची पाठ दिसत होती. सदतीस वर्षांचा माणूस, तोंडावर हात दाबून उभा.

मी तुला खरं विचारलं होतं. तू मला बटाट्याचं सॅलड लिहिलंस. केसानं गळा कापलास माझ्या पोराचा, आणि वर मला तळ्याकाठी निवांत बसायला सांगितलंस!

आज पहाटे तो परत गेला. का केलंस, एवढं लिही. गोड लिहू नकोस.

अर्लिस

---

वेल्डा
१८ ऑगस्ट १९९६

अर्लिस,

तीन कागद फाडले. हा चौथा.

कागद गॉर्डननं आणि लेस्टरनं लिहिला. जुलैच्या सुरुवातीलाच. मी तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा तो गल्ल्यापाशी होता आणि माझी सही त्यावर झालेली होती. म्हणजे मी तुला दोनदा फसवलं. तुला कळेलच, म्हणून आधीच सांगते.

का, ते सांगते. जूनच्या शेवटी एकदा किराणा दुकानासमोर डीनची गाडी उभी दिसली. तो आत बसला होता, दोन्ही हात चाकावर. मी सामान घेऊन बाहेर आले, अर्धा तास झाला असेल, तरी तो तसाच. दुकानात जायची हिंमत होत नव्हती त्याची. लोक भेटतील, विचारतील. मी काचेवर टकटक केलं. त्यानं काच खाली केली आणि म्हणाला, "मावशी, जरा दूध आणून देशील का?"

मी आणून दिलं. घरी आले आणि मनाशी ठरवलं, याला यातून सोडवायला हवं. तो आपण होऊन कधी सोडणार नाही. कोणीतरी काढूनच टाकलं तर सुटेल बिचारा. दुसऱ्या दिवशी गॉर्डननं कागद पुढे केला आणि मी सही केली.

हे कारण मी तुझं पत्र आल्यापासून स्वतःला ऐकवतेय, आणि ते खोटं नाही. पण तू गोड लिहू नकोस म्हणालीस. म्हणून उरलेलं लिहिते. सही करताना माझ्या मनात डीनचा चेहरा नव्हता. मागच्या नोव्हेंबरातला शेवटचा सामना होता. पाऊस पडत होता, बावन्न विरुद्ध सहा, आमच्या रांगेत आम्ही दोघंच उरलो होतो आणि गॉर्डन म्हणत होता, "शेवटपर्यंत बसायचं. आपण बसायचं." मला त्याची कीव आली होती आणि डीनचा राग आला होता. मला जिंकायचं होतं, अर्लिस. मी सत्तरीला टेकलेली बाई, माझा भाचा कोच, आणि मला फक्त एक हंगाम जिंकायचा होता.

तुला अजून कळलं नसेल किंवा कळलं असेल: डीननं गुरुवारी राजीनामा दिला. सरावाच्या पहिल्याच सकाळी. पोरांना मैदानावर गोल बसवलं आणि सांगितलं. मी कुंपणाबाहेर होते. ऐकू काही आलं नाही. फक्त शंभर पोरं खाली बघत होती एवढं दिसलं. अध्यक्षांनी त्याला थांब म्हणून विनवलं म्हणे. आता त्याचा मदतनीस हर्ब ट्राउटमन संघ चालवणार.

मी त्याच्या घरी गेले. जोलीननं दार उघडलं, पण पूर्ण नाही. म्हणाली, "मावशी, आता नको." आतून खोकी चिकटवल्याचा आवाज येत होता.

मला माफ कर असं लिहायचा मला हक्क नाही. तरी लिहिते.

नोरीन

---

वेल्डा
९ सप्टेंबर १९९६

अर्लिस,

तुझं उत्तर नाही. येणार नाही हे धरूनच लिहिते. डीन, जोलीन, टेस तुझ्याकडे पोचल्याचं मला डाकवाल्याकडून कळलं. पत्ता बदलायचा अर्ज त्यानं पाहिला. सख्ख्या भाच्याची खबर मला डाकवाल्याकडून.

शनिवारी पहिला सामना झाला. आपण जिंकलो. चोवीस-वीस.

मी जाणार नव्हते. गॉर्डन म्हणाला, "तीस वर्षांत एक चुकवला नाहीस, आज चुकवलास तर लोक काय म्हणतील?" लोक! गेले.

टेरेल खेळला. काय फेकतो तो पोरगा! खांदा नवा असल्यासारखा. शेवटच्या दोन मिनिटांत साठ यार्ड नेलं त्यानं संघाला, आणि प्रत्येक डाव डीननं वसंतात बसवलेला. मला कळतं, मी दर मंगळवारी सरावाला डबा घेऊन जायचे. हर्बनं काही बदललेलं नाही. बदलण्याइतकी अक्कलच नाही त्याला. हे डीनच्या वहीतलं, डीनच्या पोरांनी, डीनच्या सांगण्यासारखं खेळलेलं.

लोक मैदानात उतरले. लेस्टर नाचत होता. गॉर्डन माझ्या गळ्यात पडून लहान मुलासारखा रडला, म्हणाला, "बघ, बघ, मी म्हणालो नव्हतो?" काय म्हणाला होता तो, अर्लिस? दोनच जिंकणार म्हणाला होता. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तीस वर्षं मी अशा जल्लोषाची वाट पाहिली आणि तो आला तेव्हा मी फाटकाकडे बघत होते.

जाताना कुंपणापाशी क्लेटन भेटला. तो तीनशे पौंडांचा, पुढच्या फळीत अडवणारा. त्याचे पाय जड म्हणून डीननं सगळा उन्हाळा त्याला दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या होत्या. हेल्मेट काढून म्हणाला, "मिसेस रेमर्स, कोचशी बोलणं होतं ना तुमचं? त्यांना सांगाल? म्हणावं, आज पाय हलले."

त्या पोराला माहीत नाही. मी म्हटलं, "सांगते हं."

मला सांगायला कोणी नाही. म्हणून तुला लिहिते. जमलं तर डीनला एवढं सांग.

नोरीन

---

वेल्डा
१७ नोव्हेंबर १९९६

अर्लिस,

काल हंगाम संपला. अकरापैकी सात जिंकलो.

संध्याकाळी मुख्य रस्त्यावरून मिरवणूक निघाली, पोरं कापणीच्या ट्रकवर उभी, हर्ब पहिल्या गाडीत. शाळेच्या मुलांनी बँड वाजवला. गल्ल्यापाशी आता गटाचं नवं कोष्टक लावलंय. त्या कागदाचं कोणी नाव काढत नाही. लेस्टरला मी विचारलं, "शून्य म्हणाला होतास ना?" तर म्हणतो, "छे, संघ चांगला आहे हे मी आधीपासून सांगत होतो." चारशे बारा माणसं, आणि आज गावात शोधायला गेलीस तर सही केलेला एकही सापडणार नाही. मी सोडून.

हर्बच्या हातात त्यांनी माईक दिला, तेव्हा वाटलं, आता तरी घेईल नाव. त्यानं देवाचे, अध्यक्षांचे आणि चाहत्यांचे आभार मानले. चाहत्यांनी कधी आशा सोडली नाही म्हणाला. गॉर्डननं टाळ्या वाजवल्या. मी घरी चालत आले.

गॉर्डनशी माझं भांडण झालेलं नाही. तो वाईट माणूस नाही. त्यानं एकच गोष्ट मागितली होती आणि ती त्याला मिळाली. फक्त आता आम्ही जेवायला बसलो की बोलायला काही नसतं.

अठ्ठावीस तारखेला थँक्सगिव्हिंग. मी एकटी बसनं येऊ का? डीनच्या समोर बसायचंय. तो काही बोलला नाही तरी चालेल, घालूनपाडून बोलला तर त्याहून बरं. दोन रात्री राहीन, स्वयंपाकघरातल्या बाकावर झोपेन. दोन ओळी लिही.

तुझी नोरीन

---

डुलूथ
२२ नोव्हेंबर १९९६

नोरीन,

तुझी तिन्ही पत्रं पोचली. वाचली.

डीनला बोटी ठेवायच्या वखारीत काम मिळालंय. हिवाळ्यात लोकांच्या बोटी तळ्यातून काढून आत रचायच्या. हात फाटलेत त्याचे. टेस शाळेत रुळते आहे. जोलीन एका दंतवैद्याकडे कारकून आहे. आम्ही पाच खोल्यांत चौघं राहतो, आणि कोणी मोठ्यानं बोलत नाही.

तुमचा रेडिओ इकडे लागत नाही. दर शनिवारी क्लेटनची आई इथे फोन करायची आणि आपल्या घरच्या रेडिओपाशी रिसीव्हर धरून बसायची. तीन-तीन तास. डीन स्वयंपाकघरात स्टुलावर, फोन कानाला लावून. मी बटाटे सोलायचं निमित्त करून तिथेच असायचे. निवेदक बोलायच्या आधीच याचे ओठ हलायचे. कुठला डाव येणार ते त्याला कळायचं. एकदा पुटपुटला, "उजवीकडून जा रे, उजवीकडून," आणि क्षणभरानं त्याचा चेहरा उजळला. तर गेला असणार कोणी उजवीकडून. जिंकल्यावर तो त्या बाईचे आभार मानायचा, फोन ठेवायचा, कप विसळायचा आणि बाहेर जाऊन पानं गोळा करायचा. बर्फ पडायला लागल्यावर बर्फ. शेवटच्या शनिवारी बर्फ नव्हता. तरी फावडं घेऊन गेला.

क्लेटनचा निरोप सांगितला. डीन हसला. म्हणाला, "एकशेवीस उड्यांवर आला होता तो." मग न्हाणीघरात गेला आणि बराच वेळ नळ चालू होता.

तो तुझ्यावर रागावलेला नाही. हे तुला सांगायला हवं म्हणून सांगते. म्हणतो, "मावशीनं मला त्या गाडीत पाहिलं होतं. मी असतो तर मीही सही केली असती." तो माफ करून मोकळा झालाय. मला ते जमत नाही. तो त्या सतराव्या ओळीबद्दल बोलतो. मी त्या अंगणात उभ्या असलेल्या पाठीबद्दल बोलते. तुझी कारणं मला समजली, नोरीन. दुसरं कारण तू लिहिलंस, लपवलं नाहीस, त्याचीही मला किंमत आहे. पण समजलं म्हणून दुखायचं थांबत नाही.

काल तुझं पत्र आलं तेव्हा डीन घरीच होता. पाकिटावरचं अक्षर बघून त्यानं विचारलं, "काय म्हणते मावशी? गावात काही झालं का, शनिवारी?"

तो दाराला टेकून उभा होता, ओले बूट काढत. सात सामने जिंकल्यावर कोणी आपली आठवण काढली का, एवढंच विचारत होता तो.

मी तुझं पत्र घडी करून एप्रनच्या खिशात घातलं. म्हटलं, "हो, छोटा समारंभ झाला. हर्बनं सगळ्यांसमोर तुझं नाव घेतलं. लोक उभे राहिले म्हणे."

"खरंच?"

"नोरीननं लिहिलंय."

त्यानं बूट जागेवर ठेवले. जेवताना त्यानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं, ऑगस्टनंतर पहिल्यांदा.

तेव्हा आता येऊ नकोस. आलीस तर तो तुला त्या समारंभाबद्दल विचारेल, आणि तुला खोटं बोलावं लागेल. किंवा तू खरं सांगशील. यातलं तू काय करशील याचा मला भरवसा वाटत नाही.

अर्लिस